मासे न खाणारा जावई

बास हा मासा मला कधीच आवडला नाही, हे आता सांगायला हरकत नाही. भांडखोर जात. गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो, डोकं झटकतो आणि हातात आला की असा बघतो, जणू चूक आपलीच आहे. तरी दहा-बारा वर्षं, उन्हाळ्यातला जवळजवळ प्रत्येक मोकळा रविवार, छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून मी नदीत उभा राहिलो आणि या माशाच्या मागे लागलो. कारण माझ्या सासऱ्यांना बास आवडतो, असं मला वाटत होतं.

सासऱ्यांना मी ओतोसान म्हणतो, म्हणजे बाबा. जपानमध्ये नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. मीही नागोयातच इंजिनांवर काम करतो. त्यांची मुलगी पुण्यात जपानी शिकवायला आली होती आणि मी तिच्या वर्गातला सगळ्यांत ढ विद्यार्थी होतो. मला नापास करायचं तिच्या जिवावर आलं म्हणून तिने लग्न केलं, असं ती अजून पाहुण्यांना सांगते. लग्नानंतर मी बदली मागून इकडे आलो. नव्या देशात, नव्या भाषेत, रविवारी घरात नुसता बसून असणारा जावई ओतोसानना बघवेना. त्यांनी मला नदीवर न्यायला सुरुवात केली.

आणि तिथे ते फक्त माझ्यासाठी यायचे. त्यांचा स्वतःचा जीव होता वर डोंगरातल्या एका ओढ्यात, अमागो नावाच्या लहानशा माशावर. मी या घराचा जावई झाल्यापासून त्या ओढ्यावर ते एकदाही गेले नव्हते. हे मला कळलं तेव्हा त्यांचे पाय जवळजवळ संपले होते. पायांनी पुरती साथ सोडण्याआधी त्यांना एकदा त्या ओढ्यावर न्यायचं, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

या सगळ्याचं मूळ आमच्या पहिल्या जेवणात आहे. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओकासाननी, म्हणजे सासूबाईंनी, प्रत्येकाच्या पुढ्यात लांबट ताटलीत एकेक अख्खा भाजलेला मासा मांडला होता. डोकं, शेपूट, डोळे सगळं जागच्या जागी. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नव्हतं. मी अवघडून, पाठ केलेल्या जपानीत म्हटलं की माफ करा, मी मासे खात नाही. ओकासानचा चेहरा पडला. ओतोसान मात्र शांतपणे उठले, माझी ताटली उचलली, मग ओकासानची, मुलीची आणि शेवटी स्वतःची. चारही ताटल्या आत गेल्या. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी भात, लोणचं आणि टोफू खाल्ला.

मला गहिवरून आलं होतं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, जिथे संधी मिळेल तिथे मी ही गोष्ट सांगितली. सासरे असावेत तर असे, स्वतःची ताटलीसुद्धा उचलली त्यांनी. ऐकणाऱ्या बायका नवऱ्यांकडे बघायच्या आणि मी फुशारायचो.

आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पुण्यात कुणी म्हणालं असतं, "मी खात नाही हं, पण तुम्ही अगदी खुशाल खा," आणि समोरचा म्हणाला असता, "नक्की ना? नंतर नाक मुरडू नका," आणि दोघं हसून जेवायला बसले असते. आमच्या घरी आत्याचे यजमान कोकणातले. ते आले की गॅलरीत स्टोव्ह मांडून बांगडे तळायचे आणि माझे वडील तिथेच खुर्ची टाकून त्यांच्याशी गप्पा मारायचे, हातात ताकाचा पेला घेऊन. न खाणारे आणि खाणारे एकत्र नांदायची आपली एक रीत आहे. "तुम्ही खा" हे वाक्य त्या रीतीची किल्ली आहे. ते मी म्हटलं नाही. म्हणायचं टाळलं असंही नाही. मला ते जपानीत येत नव्हतं आणि चारही ताटल्या आत गेल्यावर म्हणायची वेळही गेली होती.

नदी म्हणजे नागोयाहून तासाभरावर, मैदानात उतरून पसरलेली मोठी नदी. कधी आम्ही आणखी वर, जिथे रस्ता सोडून बांबूच्या रानातून उतरावं लागतं, अशा जागी जायचो. दिवसभर माणूस दिसायचं नाही. ओतोसाननी मला फ्लाय फिशिंग शिकवलं ते तिथे. यात गळाला आमिष नसतं. कोंबडीची पिसं आणि हरणाचे केस दोऱ्याने गुंडाळून एक खोटी माशी बांधलेली असते आणि तिला वजन असं काही नसतं. वजन असतं ते दोरीला. दोरी मागे फेकायची, ती हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. थांबणं महत्त्वाचं. मला ते काही केल्या जमत नव्हतं. मागची झुडपं, माझी टोपी, एकदा ओतोसानचा कान, असं सगळं मी पकडलं. ते कानातून गळ काढत म्हणाले, "आज हा पहिलाच."

बासबद्दल ते मला सारखं समजावून सांगायचे. हा मासा बाहेरून आणून सोडलेला आहे, इथल्या माशांची पिल्लं खातो, लोक त्याच्यावर चिडून आहेत. जिवंत बास एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्यायला कायद्याने बंदी. काही ठिकाणी तर पकडलेला परत सोडायचीही बंदी, पण आमच्या नदीवर तशी नव्हती. आम्ही सोडून द्यायचो. "याला कुणी खात नाही," ते दर वेळी म्हणायचे. मासा पाण्यात गेला की माझ्याकडे बघून मान हलवायचे, जणू मला काही वचन दिलं होतं आणि ते पाळलं. मला वाटायचं, किती प्रेम या माणसाचं बासवर, लोकांचा राग पत्करून त्याला जीवदान देतात.

निगोई मात्र मला खरंच आवडायचा. लांबट तोंडाचा, मिशावाला मासा. तळाशी दगडांत तोंड घालून फिरतो, काटे इतके की त्यालाही कुणी खात नाही. पाण्यात तो मातकट दिसतो, पण उन्हात वर आला की अंगावर हळदीचा हात फिरवल्यासारखा पिवळा. तो उड्या मारत नाही. नुसता जड होऊन खाली जातो आणि दोरी धरून आपण उभे. माझा पहिला मोठा निगोई हातात आला तेव्हा ओतोसाननी गुडघाभर पाण्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या रविवारांत मी सुखी होतो, हे नाकारून काय उपयोग? त्यांना काय वाटत होतं ते मला माहीत नव्हतं, इतकंच.

जेवायला आम्ही काठावर बसायचो. वाटेतल्या कॉम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, ते ओनिगिरी घ्यायचे. भाताचा हा त्रिकोण, आत काहीतरी भरलेलं. प्रत्येकाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून ते वाचत उभे राहायचे, कारण नुसत्या भाजीच्या म्हणून विकतात त्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. मागे रांग लागायची. मला लाजल्यासारखं व्हायचं. शेवटी आंबट जर्दाळूच्या लोणच्याची ओनिगिरी निघायची, माझ्यासाठी आणि स्वतःसाठीही. तीच, दर रविवारी, इतकी वर्षं. मी एकदाही म्हटलं नाही की तुम्ही सॅल्मन माशाची घ्या. मला वाटलं, त्यांना लोणच्याचीच आवडत असेल.

मग त्यांचं दुखणं सुरू झालं. कण्यात नस दबली होती. थोडं चाललं की पाय बधिर व्हायचे, बसलं की बरं वाटायचं. नदीच्या गोट्यांवरून चालणं बंद झालं. त्यानंतरच्या वसंतात त्यांनी घरामागची शेड रिकामी करायला काढली. इथे मोठा कचरा टाकायचा म्हणजे आधी फोन करून दिवस ठरवायचा, कचऱ्याचे पैसे भरल्याच्या चिकटपट्ट्या विकत आणायच्या, प्रत्येक वस्तूवर लावायच्या आणि सकाळी नेमून दिलेल्या जागी नेऊन ठेवायच्या. वस्तू उचलायला मी गेलो होतो. ओतोसान पुढच्या खोलीत फिजिओथेरपीच्या बाईंबरोबर होते. शेडमध्ये ओकासान आणि मी.

मागच्या कोपऱ्यात एक बांबूची टोपली निघाली, कमरेला बांधायची, झाकणाला बोटभर भोक. तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली भाजायची जाळी, जळून काळी झालेली. लोखंडी सळयांचा जुडगा. एक आखूड रॉड, आमच्या नदीवरच्या रॉडच्या निम्म्यानेच. अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून पाठीच्या पिशवीला बांधतात ती घंटा. मी विचारलं, "हे कुणाचं?"

"यांचंच," ओकासान म्हणाल्या. "डोंगरातल्या ओढ्यावर जायचे तेव्हाचं. अमागो धरायचे. तिथेच मीठ लावून भाजायचे, दोन खाऊन दोन माझ्यासाठी आणायचे."

"मग बंद का केलं?"

"तुम्ही आलात ना," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. मला बरं वाटावं म्हणूनच सांगत होत्या. "ओढ्यावर भाजल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. ते तुमच्यासमोर कसं करायचं? आणि रविवारी तुम्हाला एकटं टाकून कसं जायचं? मग त्यांनी शोधून काढलं की बासला कुणी खात नाही. आधी त्यांना तो मासा मुळीच आवडायचा नाही. तोंड बघवत नाही म्हणायचे."

मी ती टोपली हातात घेऊन उभा राहिलो. कुणीतरी सणसणीत मुस्कटात मारावी तसं झालं. घरातून ओतोसानचा आवाज येत होता, पाय वर, पाय खाली, फिजिओथेरपीच्या बाई मोजत होत्या. ओकासाननी माझ्या हातातल्या टोपलीवर चिकटपट्टी लावायला घेतली. मी ती टोपली, जाळी, सळया, रॉड, सगळं उचलून माझ्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि म्हटलं, हे मी नेतो. त्या नुसत्या हसल्या.

घरी आल्यावर बायकोवर उखडलो. तिला माहीत होतं? होतं. मग सांगितलं का नाही?

"अरे, मला वाटलं तुला माहितीये," ती म्हणाली. तिचं मराठी पुण्यात शिकलेलं, थेट सदाशिव पेठी. "नदीवर दिवस दिवस असता दोघं. काय बोलता मग तिथे?"

"माशांबद्दल."

"धन्य आहे. तू त्यांच्यासाठी बास पकडतोस, ते तुझ्यासाठी बास पकडतात. बासला विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं की कुणालाच मी नकोय."

मी हसलो नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. ओतोसानवर तर आलाच होता. ज्या माणसाने कारखान्यात आयुष्यभर एकेका सुट्या भागाची तपासणी केली, त्याला जावयाला एक प्रश्न विचारता आला नाही? तुमच्यासमोर मी मासा भाजला तर चालेल का, एवढाच. आणि मला तरी त्यांना काही विचारायची बुद्धी झाली नाही. जपानी माणूस विचारत नाही कारण विचारलं की समोरच्याला हो म्हणावं लागेल. मराठी माणूस, निदान माझ्यासारखा, वडीलधारा जे करतोय ते त्याला आवडतच असणार असं धरून चालतो. दोन्ही सवयी चांगल्या घरातल्या. दोन्ही मिळून त्या माणसाचे चालते पाय खाऊन बसल्या.

"आता त्यांना सांगत बसू नकोस की तुला कळलंय," बायको म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल."

हे ऐकून तर मी हातच टेकले.

डोंगरातल्या ओढ्यांवर अमागोची मासेमारी सप्टेंबरअखेर बंद होते आणि मार्चच्या सुमाराला पुन्हा उघडते. मधले महिने माशांच्या विणीचे. तेव्हा जे करायचं ते त्या सप्टेंबरच्या आत. डॉक्टर शस्त्रक्रियेबद्दल बोलत होते आणि ती टाळता येईल का याबद्दलही बोलत होते, आणि दोन्ही बोलण्यांतून मला एवढंच कळत होतं की पुढच्या मार्चचा भरवसा नाही. भरवसा नव्हताच. हा मार्च आला आणि ओढा उघडला तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत होते, हे आत्ताच सांगून टाकतो.

जून गेला, जुलै गेला. मी विषय काढायचो आणि ते हलकेच बाजूला करायचे. आता माझ्याच्याने होत नाही. उन्हाळा फार आहे. रस्ता खचलाय असं ऐकलं. एकदा मी म्हटलं, मला अमागो शिकायचाय. ते म्हणाले, "तुम्हाला आवडणार नाही. तिथले मासे लोक खातात." मला वाटलं, हीच वेळ. तरी मी म्हटलं, बरं. बोलणं तोंडापर्यंत यायचं आणि त्यांच्याकडे बघितलं की परत जायचं.

शेवटी ऑगस्टमध्ये, ओबोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या सणाच्या सुट्टीत, आम्ही दोघं व्हरांड्यात कलिंगड खात बसलो होतो. मी ताटली खाली ठेवली आणि म्हटलं, "ओतोसान, मी मासे खात नाही. पण दुसऱ्यांनी खाल्लेले मला चालतात. समोर बसून खाल्ले तरी चालतात. पहिल्या दिवसापासून चालत होतं. मी सांगायला हवं होतं."

ते बराच वेळ बिया ताटलीच्या कडेला लावत राहिले. मग म्हणाले, "असं होतं होय." आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्यापुढे मान झुकवली. "माझ्यामुळे तुम्हाला एवढी वर्षं मनात ठेवावं लागलं. माफ करा."

मला ओरडावंसं वाटलं. माफी त्यांनी का मागावी? ओढा त्यांचा गेला, पाय त्यांचे गेले आणि मान झुकवताहेत तेच. मी घाईघाईने त्यांच्यापेक्षा खाली वाकलो. ओकासान चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं एकमेकांपुढे वाकून बसलेलो. त्यांनी काही न विचारता चहा मध्ये ठेवला. मी मान वर न करता म्हटलं, "सप्टेंबरमध्ये ओढ्यावर जाऊ. तुम्ही नुसतं बसा. मी पकडतो, तुम्ही भाजा." ते म्हणाले, "मग मीठ चांगलं घ्यायला हवं."

सप्टेंबरच्या शेवटाकडे, आठवड्याच्या मध्ये रजा टाकून आम्ही निघालो. वाटभर ते इतके बोलले की मला आश्चर्य वाटलं. या वळणावर पूर्वी एका म्हातारीचं दुकान होतं. या पुलाखाली पहिला अमागो मिळाला, तेव्हा लग्नही झालं नव्हतं. रस्ता खचलेला नव्हता. ओढा लागला तसा त्यांनी काच खाली केली आणि पाण्याचा आवाज ऐकत गप्प झाले.

ओढा अगदीच लहान होता. नदीची सवय झालेल्या मला वाटलं, यासाठी? घराएवढे दगड, त्यांच्यामधून काचेसारखं पाणी, वर झाडांचं छत. रस्त्यापासून पाण्यापर्यंत उतार फार नव्हता, पण तेवढाही त्यांना जमेना. शेवटी मी त्यांना पाठीवर घेतलं. ते नको नको म्हणत राहिले, "जड आहे मी, जड आहे." जड नव्हते. मी त्यांना एका सपाट दगडावर बसवलं, शेजारी गॅसची लहान शेगडी आणि ती काळी जाळी ठेवली आणि आखूड रॉड घेऊन पाण्यात उतरलो.

आणि मला काहीच येईना. इतकी वर्षं त्यांनी मला लांब फेकायला शिकवलं होतं, मोठ्या पाण्यात, ताठ उभं राहून. इथे तसं उभं राहिलं की माझी सावली पडायची आणि अमागो दगडाखाली पळून जायचे. मागे फेकलेली दोरी फांद्यांत अडकायची. इथे वाकून, गुडघ्यांवर, जवळच्या जवळ, दोरी जवळजवळ हवेतच ठेवून माशी दोन दगडांमधल्या पाण्यावर टेकवायची असते. ते दगडावरून हातांनी खाणाखुणा करत होते. खाली बस. आणखी खाली. आता. त्यांचं मनगट हवेत नसलेला रॉड हलवत होतं आणि ती हालचाल इतकी सुरेख होती की मी बघत राहिलो. हे त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं, कारण माझ्या माशांना त्याची गरज नव्हती. रॉड माझ्या हातात होता आणि येत त्यांना होतं. मला इतकं वाईट वाटलं की रॉड टाकून द्यावा.

दुपार उलटायच्या बेताला एक लागला. वीतभर, बाजूंना अंगठ्याचे करडे ठसे उमटल्यासारखे, त्यांवर शेंदरी ठिपके. मी जाळ्यात घेऊन त्यांच्याकडे धावलो, घसरलो, गुडघा फोडला, मासा सोडला नाही. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिकडे बघा जरा." मी म्हटलं, "नाही, बघतो." त्यांनी आपली पाठ माझ्याकडे केली, म्हणजे मी बघतो म्हटलं तरी मला दिसू नये. हाडाचा बारीकसा आवाज आला. मग चाकू, मग अंगठ्याने आतून धुणं. एकदाही बोट अडखळलं नाही.

भाजायला फार वेळ लागला. ते आच कमी करत होते, सळईत ओवलेला मासा फिरवत होते, पुन्हा कमी करत होते. कातडीवर मिठाचा पांढरा थर धरला. वास आला, मला चांगला किंवा वाईट काही वाटला नाही, माशाचा वास. मी माझी लोणच्याची ओनिगिरी काढली. त्यांनी सळई दोन्ही हातांत धरली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पाठीकडून पहिला घास घेतला. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत, काटेसुद्धा. गालावर मिठाचा कण लागला होता. मी शेजारीच बसून भात खात होतो, माझे वडील बसायचे तसा, आणि मला वाटलं, झालं, एवढ्याचसाठी सगळा अट्टाहास होता आणि किती सोपं होतं. दर रविवारी होऊ शकलं असतं.

खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "मला पाण्यापर्यंत न्या." मी त्यांना धरून काठाशी बसवलं. त्यांनी वाळूने हात घासले. पुन्हा घासले. चूळ भरली, ओंजळीने तोंड धुतलं, नखं एकेक करून बघितली. मग जॅकेट काढून त्याच्या बाह्यांचा वास घेतला आणि ते उलटं घडी करून पिशवीत ठेवलं. आतला शर्ट पातळ होता आणि उन्हं गेली होती. मी म्हटलं, थंडी आहे, घाला. ते म्हणाले, गाडीत घालतो.

गाडीपाशी मी पुढचं दार उघडून धरलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि मागचं दार उघडलं.

"ओतोसान, पुढे बसा ना."

"नको. वास आहे."

"मला चालतो. सांगितलं की तुम्हाला."

"हो," ते म्हणाले, "ते कळलं मला," आणि मागे, खिडकीच्या अगदी कडेला सरकून बसले. काच पूर्ण खाली केली.

डोंगर उतरेपर्यंत मी आरशातून त्यांच्याकडे बघत राहिलो. दोन्ही हात रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवले होते, तोंड खिडकीकडे. बोगद्यांतून गार वारा आत यायचा. मैदान लागलं तसे ते झोपले आणि मान छातीवर आली. मी माझ्या बाजूच्या बटनाने त्यांची काच हळूच वर घेतली. त्यांनी डोळेही उघडले नाहीत, चाचपडत बटन शोधलं आणि ती पुन्हा खाली केली.